सुलकनकाकूंचे वर्ड

"हे गाय हेरेटिक हाय. हिले बाकीच्यासंगं नोका बांधू."

मी भिंतीच्या या बाजूला कपडे वाळत घालत होते. पलीकडे आमच्या शेजारच्या सुलकनकाकू नवऱ्याला सांगत होत्या.

"बिमार हाय का?" पटलेकाकांनी विचारलं.

"नाई. विचार करते."

हेरेटिक म्हणजे ठरवून दिलेला धर्म न मानणारा. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढूनही हा शब्द तोंडाने म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. काकू तो गोठ्यात वापरत होत्या, आणि त्या गाईच्या बाबतीत तो बरोबर होता. बाकीच्या तिघी संध्याकाळी गपचूप खुंट्याशी जायच्या. ही रोज दुसऱ्याच वाटेने नाल्याकडे.

"काऊन वो कॉन्व्हेंटवाली," भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं. "आयकून राहिली ना? इकडं ये. वर्ड हाय."

वर्ड हाय म्हणजे काकूंना नवा शब्द अडला आहे. मग स्वयंपाक, पाहुणे, कपडे सगळं थांबतं.

काकू सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना धानाच्या पोत्यांवरून येत होती. पण दोन हंगामांपासून त्या एक जाड इंग्रजी कादंबरी वाचत होत्या. त्या कादंबरीत एक देश आहे. तिथे सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच शब्दांत प्रार्थना करायची, एकाच रंगाचे कपडे घालायचे, आणि जो नाही म्हणेल त्याला देशाबाहेर काढायचं. काकू एका बैठकीत पाच ओळी वाचायच्या. प्रत्येक अडलेला शब्द वहीत. मी गोष्ट सांगायला गेले की हात वर करायच्या: "अर्थ सांग, गोष्ट नोको सांगू. गोष्ट मी वाचीन."

ते मला सोयीचं होतं. मी फार बोलत नाही. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि गावात इंग्रजी आलं की हसायचे, म्हणून मी दोन्हीकडे मान हलवायला शिकले.

शब्द पाठ व्हावेत म्हणून काकू चिठ्ठ्या चिकटवत. चपलांच्या फळीवर 'एक्झाइल', म्हणजे हद्दपारी. आरशावर 'कन्फेस', कबूल कर. गॅसच्या सिलेंडरवर 'साल्व्हेशन', कारण मोक्षही नंबर लावूनच मिळतो असं त्यांचं मत. काकांच्या उशीवर 'रिपेंट' होता. काकांनी मला एकदा हळूच अर्थ विचारला. मी "पश्चात्ताप करा" म्हटलं. ते उशीकडे बघून म्हणाले, "मले तिने 'झोपा' म्हनून सांगतलं होतं."

एकदा गोंदियाहून माझी मावसबहीण आली. काकूंची नवी साडी बघून ती "वॉव" म्हणाली. काकूंनी 'व्हाव' हा शब्द कालच पाठ केला होता. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "कायची शप्पथ घेऊन राहिली वो तू?"

गावात हसू होतंच. गिरणीवरच्या बाया म्हणायच्या, "सुलकनबाई कलेक्टर होनार आता." काकू त्यांना उत्तर द्यायच्या नाहीत. त्या मनातल्या मनात त्यांच्यावर चिठ्ठ्या लावत असाव्यात.

हे कशासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

आमच्या गावात एका पंथाचं मंडळ आहे. दर गुरुवारी संध्याकाळी मंडपात बैठक भरते. बायका पिवळ्या साडीत ओळीने बसतात. काकूंची मुलगी टिकेश्वरी नागपूरला इंग्रजीत एम.ए. करत होती. एका सुट्टीत तिने सांगितलं, मी बैठकीत बसणार नाही. पुढच्या सुट्टीत सांगितलं, मी कोर्टात लग्न केलं, मुलगा मंडळातला नाही. कोणी ओरडलं नाही. फक्त त्या दिवसापासून गावात तिचं नाव घेणं बंद झालं. जाताना तिने हे पुस्तक आईच्या हातात आदळलं. "तुले नाई समजनार आई. हे वाच, मंग माझ्यासंगं बोलजो."

ती ते रागाने म्हणाली होती. काकूंनी तो गृहपाठ समजला.

एका दुपारी त्यांनी 'शन' हा शब्द विचारला. मला मराठी सापडेना. "म्हणजे काकू, माणूस समोर असला तरी... नाही असं वागायचं."

"शन," काकू म्हणाल्या. "शून्य. मानसाले शून्य करनं. सोपा हाय."

दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही, हे मला सांगायचं होतं. मी मान हलवली. काकूंनी चिठ्ठी लिहिली, पुढे एक गोल काढला आणि आत गेल्या. ती चिठ्ठी मला कुठे दिसली नाही. महिन्याभराने मी पाणी मागितलं तेव्हा काकांनी चुकून फळीवरचा शेवटचा, उपडा ठेवलेला स्टीलचा पेला उचलला. त्याच्या बुडाला ती चिठ्ठी होती. पेल्यावर नाव कोरलेलं होतं: चि. टिकेश्वरी. काकूंनी तो काकांच्या हातातून घेतला, पुसला आणि पुन्हा उपडा ठेवला. मला दुसऱ्या पेल्यात पाणी मिळालं.

धान कापणीला आलं आणि पुस्तक संपलं. काकू स्वतः आमच्या दारात आल्या. मला वाटलं, आता पेढे. त्या पायरीवर बसल्या.

"त्या पुस्तकात मी हाय," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या पोरीले काढून देतेत ना, तवा बाया ओळीनं उभ्या रायतेत. सगळ्या खाली पायतेत. त्यातली एक. नाव बी नाई देल्लं तिले."

"मग आता फोन करा ना ताईला. वाचून झालं."

"कोन्या तोंडानं करू? दर गुरुवारी मी दोनच नाव सांगतो." त्यांनी पदर झटकला. "पयले तिसरं नाव सांगतो. मंग फोन."

बैठकीच्या शेवटी प्रत्येक बाई उभी राहून घरच्यांची नावं सांगते आणि मंडळाच्या मोठ्या बाई प्रत्येक नावाला "सुखी राहो" म्हणतात. माझं नाव आई सांगते. मी नुसती उभी राहते.

त्या गुरुवारी काकू माझ्या शेजारी बसल्या. वही मांडीखाली होती. आपल्याला कोणी इंग्रजीत विचारलं तर असावी, म्हणून. त्यांची पाळी आली. त्या उठल्या.

"शामराव," काकू म्हणाल्या. काकांचं नाव.

"सुखी राहो."

"योगेश." मुलाचं नाव.

"सुखी राहो." मोठ्या बाईंनी पुढच्या बाईकडे बघितलं.

काकू बसल्या नाहीत. "अना..." त्या म्हणाल्या. म्हणजे 'आणि'.

मंडपात पंखा फिरत होता. काकूंचा जबडा हलत होता, कठीण स्पेलिंग वाचताना हलायचा तसा. "अना..."

पिवळ्या ओळीतल्या सगळ्या बायका खाली बघू लागल्या. माझी आईसुद्धा. मीही खाली बघितलं, सवयीने. तिथे काकूंची वही होती आणि तिच्या कडेवर त्यांचा अंगठा रोवलेला पाय.

मी उभी राहिले. आईने माझी ओढणी धरली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, शब्द अडला की बघायच्या तसं. अर्थ सांग, गोष्ट नको.

"टिकेश्वरी," मी म्हणाले.