टिपणीस आणि मोघम शब्द

‘चहा गरम आण’ असं आमच्या ऑफिसात टिपणीसांसमोर म्हणायची सोय नाही. ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “गरम म्हणजे किती?”

आमचं ऑफिस बहारीनमधल्या मुहर्रकला, विमानतळाच्या कुंपणाला लागून. वैमानिकांना शिकवण्यासाठी जमिनीवरच हलणारं खोटं विमान, म्हणजे सिम्युलेटर, कंपनी बाहेरून बनवून घेते. तो नेमका कसा हवा, हे लिहून द्यायचं काम टिपणीसांचं. माणूस मूळचा चिपळूणचा. खुसपट काढणं रक्तातच. इथे त्याचा पगार मिळतो, एवढंच.

‘सिम्युलेटर खऱ्या विमानासारखा वाटावा,’ असं मी एकदा लिहिलं. टिपणीसांनी तो कागद मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांत धरून परत केला.

“कोणाला वाटावा? कितपत वाटावा? देशपांडे, ही कविता झाली. बनवणाऱ्याला मोघम शब्द दिलास, तर तो बैलगाडी आणून उभी करेल आणि वर सही मागेल!”

आमचे साहेब युसूफ मीटिंगमध्ये म्हणाले, “पुढच्या आठवड्यात काम होईल, इंशाल्ला.”

“सर,” टिपणीसांनी नम्रपणे विचारलं, “यातलं आपल्याकडे किती आणि वरच्याकडे किती?”

युसूफ हसून बेजार. “खलास, पुरे, टिपणीस! सगळं माझ्याकडे!”

गेल्या हिवाळ्यात कल्याणला वहिनींच्या, म्हणजे टिपणीसांच्या बायकोच्या, आईनं अंथरूण धरलं. पण वहिनी विमानाचं नाव काढू देईनात. बहारीनला येताना विमानानं असे गचके खाल्ले होते, की त्यानंतर त्या माहेरी गेल्याच नव्हत्या. आईशी फोनवर बोलायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या.

एका शुक्रवारी दुपारी टिपणीसांचा फोन आला. “युसूफसाहेबांची परवानगी काढलीय. आज सिम्युलेटर रिकामा आहे. तू चालवशील?”

वहिनी देवाचं नाव घेत आत चढल्या. टिपणीस त्यांच्या शेजारी बसले, मी मागे बटणांपाशी. टिपणीसांनी खूण केली, तसा मी बटण दाबून खोटा वारा सोडला. केबिन हादरली. वहिनी किंचाळल्या.

“काही नाही गं, ढग आहे,” टिपणीस म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “घाटात एसटी हादरते ना, तसं. थांबवू का?”

वहिनींनी डोळे गच्च मिटूनच ‘नको’ अशी मान हलवली. मी वारा वाढवत गेलो, टिपणीस हळूहळू बोलत राहिले. शेवटी वहिनींनी एक डोळा उघडला. “अजून एकदा,” त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात वहिनी एकट्या मुंबईच्या विमानात बसल्या. टिपणीसांना रजा मिळाली नव्हती. ऑफिसच्या खिडकीतून आम्ही दोघं बघत होतो. विमान उडालं, समुद्रावरून वळलं, दिसेनासं झालं.

“यल्ला, मीटिंग!” युसूफनी दारातून हाक मारली.

टिपणीस हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज तुझ्याकडे जेवायला येऊ का रे? घरी फार शांत असेल.”