पडायला शिकवणाऱ्या सुकेशिनीताई

सुकेशिनीताई कोणाशीही बोलायच्या आधी त्याची कॉलर धरतात. उजव्या मुठीत कॉलर, डाव्या मुठीत बाही, आणि मग म्हणतात, "हं, आता बोला." ओढणी त्यांना चालत नाही. ओढणी हातात येते आणि माणूस निसटतो, असं त्यांचं म्हणणं.

मी जन्माची भित्री. पालीला भिते, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसायला भिते, साहेबांच्या टेबलावरच्या घंटीला भिते. यवतमाळहून बदली होऊन मी नेरच्या ऑफिसात आले, तर पहिल्याच दिवशी दारात एका धिप्पाड बाईने माझा गळा आणि बाही पकडली. डोळे माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी.

"कोन हाय?"

"मी ज्योती. नवीन क्लार्क."

"थरथरून काहून राह्यली वं? मी काय वाघ हाय?"

आमच्या जिल्ह्यात वाघाचं नाव कोणी उगाच घेत नाही. मी आणखीच थरथरले.

नंतर कळलं, या आमच्या टेलिफोन ऑपरेटर. मोबाईल आल्यापासून त्यांचा फोन दिवसातून दोनदा वाजतो, त्यातला एक राँग नंबर. पण ताई जुडो खेळतात, आणि या कॉलरचं मूळ तिथे आहे. डोळस लोकांच्या जुडोत पकड मिळवायला एकमेकांभोवती फिरतात. अंधांच्या जुडोत पंच दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांचा अंगरखा हातात देतो, मगच कुस्ती सुरू. पकड सुटली की खेळ थांबवायचा, पुन्हा मधोमध यायचं, पुन्हा धरायचं. ताईंनी हाच नियम सगळ्या जगाला लावून टाकला.

नवीन साहेब रुजू झाले तेव्हा त्यांना हे कोणीच सांगितलं नव्हतं. ताई स्पर्धेच्या रजेचा अर्ज घेऊन आत गेल्या. दोन मिनिटांनी बाहेर आल्या, अर्जावर सही होती. साहेब खुर्चीत कॉलर नीट करत बसले होते. "मानूस चांगला हाय," ताई म्हणाल्या, "पन मानेत ताठा नाई. कोनीबी पाडीन त्याले."

ताई नेरजवळच्याच एका खेड्यातल्या. लहानपणी आधी दिवेलागणीला दिसेनासं झालं, मग शाळेचा फळा गेला, दहावीपर्यंत सगळंच गेलं. आईने दारात बसवून ठेवलं होतं. अंधशाळेच्या वसतिगृहात गेल्यावर तिथल्या सरांनी जुडो सुरू केलं, आणि पहिले चार महिने नुसतं पडायलाच शिकवलं. आई भेटायला आली, तर लेक धपाधप पडून राह्यली. तिने सरांना तिथेच झापलं, "पोरगी आधीच आंधळी, तिले कायले पाडता?" त्याच पोरीने पुढे राज्याची पदकं आणली, एकदा देशपातळीवरचं कांस्यही आणलं. ते कांस्य आमच्या स्टेशनरीच्या कपाटाच्या किल्लीला बांधलेलं असतं. किल्ली हरवू नये म्हणून.

माझी भीती घालवायचं त्यांनी मनावर घेतलं. रोज जेवणाच्या सुट्टीत मला रेकॉर्ड रूममध्ये न्यायच्या, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांवर सतरंजी टाकायच्या आणि म्हणायच्या, "पड." मी उभीच. "पडाले शिक, बाई. उभं राहनं कोनालेबी येते." हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटायचा, श्वास सोडायचा. दोन वर्षांत मी तीनदा नीट पडले असेन. बाकी वेळा किंचाळले.

यंदा नागपूरला होणाऱ्या राज्य संघाच्या निवड चाचणीला पंधरा दिवस होते. ताईंची एकेचाळिशी झालेली. "ही शेवटची," त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. मधेच मान दुखते म्हणून यवतमाळला जाऊन आल्या आणि डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे धरला. "वाच."

कागद इंग्रजीत होता. मी मराठी करत वाचत गेले. मणक्यात झीज, नस थोडी दबलेली, गोळ्या, शेक. शेवटी एक ओळ होती. पडण्याचा खेळ आजपासून बंद, नाहीतर हाताची जाणीव कायमची जाऊ शकते.

ताईंनी माझी कॉलर धरलेली होती. चेहरा असा उजळलेला, की माझी जीभच उचलेना. ही ओळ मी वाचली तर या बाईचा खेळ माझ्या तोंडून संपणार. मी म्हटलं, "बस, एवढंच."

"खरं?"

"हो."

"तुयं खरं का खोटं, काई समजत नाई वं. तू तं नेहमीच थरथरते."

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. जेवण जाईना. रोज ठरवायची, आज सांगते. रोज त्या गात गात ऑफिसात यायच्या आणि मी रजिस्टरात तोंड घालायची. वर त्यांनी साहेबांना सांगून सोबतीण म्हणून माझंच नाव दिलं. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? एसटीत नागपूरपर्यंत त्या माझ्या शेजारी गाढ झोपल्या, आणि प्रत्येक गतिरोधकाला मी त्यांच्या मानेकडे बघत राहिले.

हॉलमध्ये पहिली लढत वर्ध्याच्या मुलीशी होती. पंचाने दोघींचे हात एकमेकींच्या अंगरख्यावर ठेवले. ताईंची पकड दोनदा सुटली. त्यांची पकड सुटलेली मी कधी पाहिली नव्हती. मग त्या एका बाजूवर आदळल्या. पण उठल्या, मुलीला खाली घेतलं आणि दाबून धरलं. जिंकल्या. लोक टाळ्या वाजवत होते, मला रडू येत होतं.

पुढच्या लढतीला दहा मिनिटं होती. ताई बाकावर बसल्या. मी त्यांच्यापुढे जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. "ताई, त्या कागदातली एक ओळ मी खाल्ली."

"ठाऊक हाय मले," त्या म्हणाल्या. "त्याच सांजेले मोबाईलकडून वाचून घेतलं. थो काई खात नाई. त्याले भेव नसते."

"मग आलात कशाला?"

त्यांनी तोंड पुसलं. "तू ते सोडलं ना, मले वाटलं, हिले वाटते मी खेळावं. घरी माय म्हनते पडशीन. भाऊ म्हनते पडशीन. ज्योते, आजलोक मले 'खेळ' म्हननारं कोनी भेटलंच नाई वं."

हे ऐकून गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यात माझा हात कोण धरेल? पण मला ते जमेना.

"ताई, तसं नव्हतं. मी भ्यायले होते. तुमचं तोंड पडेल म्हणून भ्यायले. बाकी काही नव्हतं."

माइकवर त्यांचं नाव पुकारलं.

"मंग आता काय म्हनते?"

"नका जाऊ. मला फार भीती वाटते आहे."

"मले बी," त्या म्हणाल्या. दोन वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यावर नेले. उजवा हात गाठीवर पोचला. डाव्याच्या बोटांना गाठ सापडेना.

"गाठ तू सोड, बाई. महिना झाला, या बोटायले काई समजत नाई. परवा तांदूळ निवडाले बसली, खडा कोनता अन् दाना कोनता, काईच उमगलं नाई. मायले सांगू नको."

नाव दुसऱ्यांदा पुकारलं. गाठ घामाने घट्ट बसली होती, माझी नखं दुखायला लागली.

"सावकाश," ताई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटचं, पुकारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं, आणि मी गाठ सोडवत राहिले.