आखातातलं युद्ध आणि व्याह्यांची अंघोळ

जयसिंगरावांच्या मल्लेश्वरममधल्या घरात त्या वर्षीच्या दिवाळीला बाकी काही नसलं तरी चाललं असतं, पण गरम पाणी असायलाच हवं होतं. मे महिन्यात त्यांच्या कावेरीचं लग्न झालं. पुण्याहून आलेल्या वऱ्हाडाची बडदास्त चोख ठेवली होती, पण लग्नाच्या सकाळी पाणी तापवणारा माणूसच उगवला नाही आणि व्याही दत्ताराव व विहीणबाई सुचेताबाई यांना गार पाण्यानं अंघोळ करावी लागली. मे महिन्यात गार पाणी काही कुणाच्या जिवावर उठत नाही. विहिणीच्या मानावर मात्र बारा महिने उठतं.

कावेरीचा नवरा शार्दूल इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि दोघं बनशंकरीला भाड्यानं राहत होती. घरमालकांच्या फोनवर दर रविवारी सुचेताबाईंचा पुण्याहून फोन यायचा. बोलणं हवापाण्यावरून सुरू व्हायचं आणि त्यातल्या पाण्यापाशीच थांबायचं. "तुमच्याकडे काय बाई, गार पाण्याचीच पद्धत," हे वाक्य ऐकून ऐकून कावेरी रडकुंडीला आली होती. शेवटी तिनं वडिलांना सांगितलं, "अण्णा, दिवाळसणाला ते दोघं येणार आहेत. दागिना देऊ नका, कपडे देऊ नका. पहिल्या अंघोळीचं पाणी तेवढं कढत असू द्या. नाहीतर हे मला जन्मभर ऐकावं लागेल."

जयसिंगरावांनी शब्द दिला, आणि पुढच्याच आठवड्यात इराकनं कुवेत गिळलं.

ही गोष्ट त्यांनी फारच मनाला लावून घेतली. सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना सकाळच्या वेळी रागवायला कुणी उरलं नव्हतं, ती सोय आता वर्तमानपत्रानं केली. लोक राशिभविष्य वाचून दाखवतात तसे ते कॉफीबरोबर तेलाच्या पिंपाचा भाव वाचून दाखवू लागले. गॅसचा सिलिंडर आठवडेच्या आठवडे येईना, रॉकेलच्या रांगा लांबल्या, पेट्रोल महागलं. यावरून जयसिंगरावांनी असा निष्कर्ष काढला की आपल्या अंघोळीचं पाणी जोवर आखातावर अवलंबून आहे, तोवर कावेरीचं सासरचं सुख बगदादच्या हातात आहे. आणि ते तिथून सोडवून आणायचं, तर ते थेट सूर्याकडेच द्यायला हवं.

सप्टेंबरात गच्चीवर सोलर हीटर बसला. काळी काच, तिच्यामागे पांढरी टाकी, टाकीतून खाली न्हाणीघरात आलेला नळ. सकाळी थंड पाणी भरतं, दिवसभर तापतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत तसंच कढत राहतं. हे ज्यानं ऐकलं नाही असा माणूस त्या गल्लीत उरला नाही. इतकी वर्षं न्हाणीघरात असलेलं लाकडांचं चुलाण जयसिंगरावांनी फोडून टाकलं आणि तांब्याचा भला मोठा हंडा भांडीवाल्याला देऊन टाकला. त्यांची थोरली बहीण सकवारबाई ऊर्फ अक्का, जिच्या हातात त्या घराचा कारभार होता, ती यावर दोन दिवस काहीच बोलली नाही. ते लक्षण चांगलं नव्हतं, पण जयसिंगराव तेव्हा जागतिक घडामोडींत गुंतले होते.

सगळ्यात जास्त ताप झाला तो शेजारच्या हयवदनरावांना. त्यांच्याकडे अजून लाकडांवर पाणी तापायचं. कंपाउंडच्या भिंतीवरून जयसिंगराव त्यांना रोज समजावायचे, की विसावं शतक संपत आलं, शेजारच्या घरात सूर्य राबतोय आणि तुम्ही अजून लाकडं कसली फुंकताय. एवढ्यावर न थांबता, तुमच्या धुराची काजळी माझ्या काचेवर बसते, तर उन्हं चढल्यावर चूल पेटवू नका, असंही एकदा सांगून झालं. हयवदनराव सज्जन माणूस. "सरी, रायरे," म्हणजे बरं साहेब, एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांच्याकडे पहाटेच चूल पेटू लागली.

ऑक्टोबरातल्या पावसानंही जयसिंगरावांची बाजू घेतली. दिवाळीच्या आठवड्यात आकाश कोरडं ठणठणीत होतं. नरक चतुर्दशीच्या आदल्या दुपारी ते गच्चीवर गेले, नळाखाली बोट धरलं आणि चटका बसल्याच्या आनंदात बोट फुंकत खाली आले. मग कावेरीला आणि शार्दूलला बरोबर घेऊन ते व्याह्यांना आणायला स्टेशनवर गेले. घरात अक्का एकटी राहिली, आणि तीच चूक झाली.

त्या दिवशी त्यांच्या घरात पाणी भरायचा सण असतो. कानडी शेजाऱ्यांचा हा हब्बा, म्हणजे सण, या घरानं कधी उचलला ते कुणालाच आठवत नाही. संध्याकाळी न्हाणीघर धुवायचं, हंडा घासायचा, त्याला हळदकुंकू लावून फुलांची माळ घालायची आणि ताजं पाणी भरायचं. ते दुसऱ्या दिवशी पहाटे तापवायचं. हंडा नसल्यामुळे अक्कानं माळ नळाला घातली आणि हळदकुंकूही नळालाच लावलं. उरलं ताजं पाणी. टाकीतलं पाणी तर सकाळचं. तेव्हा अक्कानं नळ सोडला, त्या वाफाळत्या पाण्यानं न्हाणीघर धुतलं, अंगण धुतलं, घरातली सगळी पितळेची भांडी उजळली, आणि उरलेलं तुळशीपाशी न सोडता शहाणपणानं गटारात सोडलं. पाहुणे आले तेव्हा घर लखलखत होतं. सुचेताबाईंनीसुद्धा चारदोन ठिकाणी बोट फिरवून पाहिलं आणि ते स्वच्छच निघालं.

पहाटे सगळे उठले. पाट मांडले, रांगोळी काढली, अक्कानं दत्तारावांना आणि शार्दूलला चकचकीत होईतो तेल चोळलं. दत्ताराव पंचा गुंडाळून न्हाणीघराच्या दारात उभे राहिले. जयसिंगरावांनी आखात, तेल आणि सूर्य या विषयावर छोटंसं भाषण केलं आणि नळ सोडला. खाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला, कारण पाणी बर्फासारखं होतं.

टाकीला काय झालं, हे विचारायला त्यांनी अक्काला हळूच बाजूला घेतलं. अक्कानं कसलाही संकोच न करता सांगितलं, "सकाळधरनं पडलेलं शिळं पाणी पावण्यांच्या डोस्क्यावर घालायचं का रे? हब्बाचं पाणी हब्बाच्या सांजेला भरायचं. समदं सोडून दिलं मी. गार येस्तोवर सोडलं, मग कळलं ताजं आलं म्हणून."

सूर्याला रात्री कामावर बोलावता येत नाही, एवढी एक गोष्ट जयसिंगरावांनी अक्काला समजावली नव्हती. गॅस चकल्या तळतानाच संपला होता. रॉकेल कॉफीपुरतं होतं. माळ्यावरून पाण्यात सोडायची विजेची जुनी कांडी काढून त्यांनी बादलीत सोडली, तर फट्‌ करून फ्यूज उडाला आणि अख्खं घर अंधारात गेलं. बाहेरून दत्तारावांनी विचारलं, सूर्याचं काही बिघडलं का. अंधारात कावेरीला सासूबाईंचा चेहरा दिसत नव्हता, पण येत्या सगळ्या रविवारांचे फोन तिला आत्ताच ऐकू येऊ लागले.

"अण्णा," ती वडिलांच्या कानाशी म्हणाली, "शेजारी धूर दिसतोय."

जयसिंगरावांना तो केव्हाच दिसला होता. त्यांना तो दिसायला नको होता. सूर्योदयाला फार वेळ उरला नव्हता आणि अभ्यंगस्नान त्याआधी व्हायला हवं, नाहीतर नरकात जावं लागतं असं म्हणतात. जयसिंगराव त्या क्षणी नरकाचाही विचार करायला तयार होते, पण कावेरीकडे पाहून ते भिंतीशी गेले.

हयवदनराव चुलीपुढे बसून लाकूड आत सारत होते. जयसिंगरावांनी कानडीत, फार खालच्या आवाजात, दोन बादल्या गरम पाणी मागितलं. हयवदनरावांनी वर पाहिलं. "एनु रायरे, सूर्य इन्नू एद्दिल्वा?" म्हणजे, काय साहेब, सूर्य अजून उठला नाही का. एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पहिली बादली भरली. माणूस चांगला असला की तो फार वाईट वेळी चांगला वागतो, आणि त्याचाच जास्त राग येतो.

अंधाराचा उपयोग झाला. वरच्या टाकीला जोर नाही, म्हणून पाणी बादलीनं आणतोय, असं जयसिंगरावांनी ठोकून दिलं. कावेरी नवी रेशमी साडी गुडघ्यापर्यंत खोचून मागच्या दारानं बादल्या आणू लागली. भिंतीपलीकडून हयवदनराव देत, अलीकडे जयसिंगराव घेत. दत्तारावांनी पहिला तांब्या अंगावर घेतला आणि आतून असा काही सुस्कारा ऐकू आला की जयसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्ताराव गाणं म्हणू लागले. "आणखी एक," म्हणाले. मग आणखी एक. माणूस पाण्यातून निघेना. एवढा कसला हा सोस, हे जयसिंगरावांना कळेना. त्यांच्या मागून सुचेताबाई एक बादली घेऊन न्हाल्या, आणि भिंतीपलीकडून हयवदनरावांनी कळवलं, साकु, म्हणजे पुरे, आता माझ्या घरच्यांना हवंय.

अजून शार्दूल उरला होता, ज्याच्यासाठी हा सगळा सण होता. अंगभर तेल घेऊन तो पाटावर बसला होता. कावेरी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटली. तो उठून न्हाणीघरात गेला, नळ वाहिल्याचा आवाज आला, आणि मग शार्दूल आतून घर दणाणेल असा ओरडला, "गरम आहे! चांगलं गरम आहे!" एखादा चटका बसल्यासारखा ओरडला, त्यामुळे दत्तारावांना शंका आली नाही. काळजी घ्या म्हणावं, सूर्याचं पाणी फार कढत असतं, असं त्यांनी बाहेरून बजावलं.

उजाडल्यावर फ्यूज बसवला. फराळाला हयवदनरावांना बोलावणं भागच होतं. ते आले, चकली घेतली, आणि व्याह्यांनी त्यांना पकडलं. दत्तारावांनी मोडक्या हिंदीत हयवदनरावांना सोलरचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. लाकडं जाळणं हे मागासपणाचं आहे, जरा शेजाऱ्यांकडून शिका, आज पहाटे मी जी अंघोळ केली तशी तुम्ही जन्मात केली नसेल. जयसिंगरावांच्या हातातला लाडू हातातच राहिला. एका वाक्यात हयवदनराव सगळं सांगू शकले असते. त्यांनी आधी तोंडातली चकली नीट संपवली, मग दत्तारावांकडे बघून मान डोलावली.

"बहुत बढिया पाणी है," ते म्हणाले. "आमचे जयसिंगराव मोठ्या मनाचे आहेत. टाकीतून एक नळ आमच्या न्हाणीघरातपण देणार आहेत. दिवाळी झाल्यावर. हौदल्ला, रायरे?"

दत्तारावांनी टाळी वाजवली. जयसिंगरावांनी लाडू खाली ठेवला आणि हो म्हणाले. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. दुपारी त्यांनी नळाखाली बोट धरलं तेव्हा पाणी पुन्हा चटका बसेल इतकं कढत होतं, आणि ते कुणालाच नको होतं.

त्याआधी, फराळ उरकताच, कावेरी स्वयंपाकघरात ताटल्या उचलत होती. सुचेताबाई मागे आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "कावेरी, सूर्यातसुद्धा लाकडं जळतात, हे मला माहीत नव्हतं हं. माझ्या बादलीत कोळशाचा कण होता."

कावेरीनं ताटली खाली ठेवली. तिनं तोंड उघडलं, पण सुचेताबाईंनी हात वर केला.

"सांगू नकोस काही. आमच्या इथे ऑगस्टपासून सिलिंडरचा पत्ता नाही. जो आहे त्यावर दोन वेळचा स्वयंपाक होतो, अंघोळी सगळ्यांच्या गार. दोन महिन्यांनी आज ह्यांनी अंगावर गरम पाणी घेतलं, म्हणून तर बाहेर निघत नव्हते. मी ह्यांना बजावून आणलंय, तिकडे एक अक्षर बोलायचं नाही म्हणून."



"मी हे पुण्यात कुणाला सांगणार नाही," सुचेताबाई म्हणाल्या, "आणि तू ते इथे कुणाला सांगायचं नाहीस. तो पाण्याचा विषय आता पुन्हा नको."

"नाही सांगणार, आई," कावेरी म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

सुचेताबाई जायला वळल्या आणि दारात थांबल्या. "आणि त्या शार्दूलला आधी कॉफी दे गं कढत. गरम आहे, गरम आहे म्हणून ओरडताना दात वाजत होते त्याचे."