मास्तरांनी लावलेलं दार

परीक्षेला दीड तास उरला होता आणि सून सासऱ्यांसमोर वही घेऊन बसली होती.

"बाबा, माझा अजून घोळ होतोय. 'दार लावले गेले' आणि 'दार लावलेले आहे'. यात क्रियापद कुठलं, विशेषण कुठलं?"

व्याकरणाच्या निवृत्त मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. शिक्षिकेच्या नोकरीची परीक्षा, तीही लेकीसारख्या सुनेची. आणि प्रत्यक्ष दाखवल्यावाचून शिकवणं त्यांना सुराविना भजन वाटे. ते तिला थेट जिन्यावर घेऊन आले.

"नीट बघ. दार माझ्याकडून लावले जात आहे. ही क्रिया." त्यांनी दार ओढलं. खट्ट झालं. "आणि आता ते लावलेले आहे. हे विशेषण. कळलं?"

"कळलं. किल्ली कुठंय?"

किल्ली आत खिळ्याला होती. फोन आत, प्रवेशपत्र टेबलावर, आणि मुलगा संध्याकाळपर्यंत कामावर. मास्तरांनी दाराला खांदा देऊन पाहिला. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. शेवटी खालच्या शिंपीणबाईंनी फोन करून चावीवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा पाऊण तास उरला होता.

"दार कोणी लावलं?" पिशवी सोडत त्यानं विचारलं.

"लावलं गेलं," मास्तर पुटपुटले.

"कोणाकडून?"

मास्तर खांदा चोळत राहिले. सुनेनंच बाजू सावरली. "दादा, 'कोणाकडून' असं विचारता आलं ना, की ती क्रिया. आता दार कसं आहे ते विचारा. लावलेलं. हे झालं विशेषण."

"असं कोणी सांगितलं असतं, तर मी शाळा सोडली नसती," चावीवाला कुलपात तार घालत म्हणाला.

मास्तर सुनेकडे बघतच राहिले. इतकं सुटसुटीत त्यांना चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

"तुला पक्कं येतंय की. मग महिनाभर रोज विचारत का होतीस?"

ती पायरीकडे बघत म्हणाली, "आई गेल्यापासून तुम्ही 'हं'च्या पुढं बोलत नव्हता. व्याकरण विचारलं की तासभर बोलता. बोलता बोलता दोन घास जास्त जातात."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "आणि मी तुला ऐन परीक्षेच्या दिवशी घराबाहेर कोंडलं."

कुलूप उघडलं. प्रवेशपत्र घेऊन ती जिना उतरू लागली, तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला, "संध्याकाळी काय घ्यायचं?"

"समास, बाबा," ती खालून म्हणाली. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

धडधडीत खोटं होतं. मास्तरांनी मनातल्या मनात देवाला हात जोडले, आणि समासाची जुनी वही शोधायला आत गेले.