सामानाला दम खाऊ द्या

"कोंबडी असंल," मागच्या सीटवरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या. "बघा की, कसं छातीशी धरलंय."

"कोंबडी असती तर ओरडली नसती का?" नवरा म्हणाला. "काचेचं काहीतरी हाय."

वेरूळला जाणारी एसटी खड्ड्याजवळ आली आणि माझ्या शेजारचे साळवे काका मांडीवरच्या पोत्यासकट सीटवरून चार बोटं उठले. आधी काका उठले, खड्डा नंतर आला. धक्का आपल्या गुडघ्यांनी खायचा, सामानापर्यंत पोचू द्यायचा नाही, ही त्यांची रीत. मग ते मागे वळले आणि अतिशय आदबीनं म्हणाले, "कोंबडी नाय ताई. कॅमेरा हाय."

बाईंना ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. आमच्या स्टुडिओची सगळ्यात महाग बॅग काकांनी तांदळाच्या जुन्या पोत्याची खोळ शिवून झाकली होती. "कॅमेऱ्याची बॅग कॅमेऱ्याच्या बॅगेसारखी दिसली की गेली समजायचं," असं त्यांचं म्हणणं. खोळीवर अजूनही अर्धा 'कोलम' वाचता येत असे. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात लग्नाच्या कामाला गेलो होतो, तेव्हा दारावरच्या माणसानं काकांना हात आडवा करून सांगितलं होतं, "किराणा मागच्या गेटनं." काका रागावले नाहीत. उलट दिवसभर खूश होते. "बघितलंस का मॅडम? पहारेकरीच फसला. मग चोराची काय कथा?"

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, दोन कापड दुकानांच्या वर आमचा स्टुडिओ आहे. मी तिथं फोटोग्राफी शिकायला आले आणि नोकरीला राहिले. काका त्याआधी चाळीस वर्षं तिथंच होते. फोटो ते क्वचितच काढत. त्यांचं काम सामानाचं: कॅमेरे, लेन्स, दिवे पुसायचे, भरायचे, न्यायचे, परत आणायचे. मला ते पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत, कारण मी फार बोलत नसे आणि त्यांच्या मते न बोलणारी माणसं एक तर साहेब असतात, नाहीतर आजारी.

रोज संध्याकाळी सहा वाजता ते खिडकी बंद करत, पंखा बंद करत, आणि टेबलावर पांढरा पंचा अंथरत. मग एकेक लेन्स बाहेर येई. "आधी हवा, मग ब्रश, मग फडकं," ते म्हणत. "ही पायरी चुकली की मेलं भिंग. धूळ म्हणजे बारीक दगडच की. तिच्यावर फडकं फिरवलं म्हणजे काचंवर कानस चालवली." हवेसाठी त्यांच्याकडे रबराचा एक फुगा होता, तो दाबला की फुस्स होई. एकदा एका नव्या मुलीनं तोंडानं फुंकर मारली, तर काकांनी लेन्स तिच्या हातातून काढून घेतली आणि लेन्सलाच म्हणाले, "माफ कर बाई, तिला ठाऊक नव्हतं."

प्रत्येक लेन्सचं फडकं वेगळं. ती काका घरी नेऊन स्वतः धुवत, बिनवासाच्या साबणानं, आणि सकाळी स्टुडिओच्या गच्चीवर ओळीनं वाळत घालत. खालचे कापडवाले म्हणत, "काका, कुणाचं बारसं हाय?"

नवीन कॅमेरा आला की त्याचं इंग्रजी माहितीपुस्तक मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, हे माझं काम. काका डोळे मिटून ऐकत आणि प्रत्येक वाक्याला म्हणत, "व्हय, ठाऊक हाय." एका पुस्तकात लिहिलं होतं की लेन्स महिन्यातून एकदा पुसली तरी पुरे. काकांनी डोळे उघडले. "लिहिणाऱ्यानं गुलमंडी बघितलेली नाय," ते म्हणाले. "पुढं वाच."

पण त्यांचा खरा शत्रू धूळ नव्हे, ओल. ओल धरली की लेन्सच्या आत बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि मग ती लेन्स कामातून जाते. त्यासाठी ओल शोषणाऱ्या त्या बारीक पुड्या लागतात, बुटाच्या खोक्यात असतात त्या. काका गुलमंडीतल्या यच्चयावत बूटवाल्यांकडून त्या गोळा करत. एक दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काका, पंधरा वर्षं झाली. बूट कधी घेणार?"

"बूट तुम्हीच ठिवा," काका म्हणाले. "पुड्या द्या." आणि झिजलेल्या चपला फटफट वाजवत निघून आले.

ते एका गोष्टीचा अभिमान उघडपणे बाळगत. "चाळीस वर्षांत माझ्या हाताखालच्या एका भिंगाला जाळं धरलेलं नाय." हे वाक्य ते गिऱ्हाइकाला सांगत, रिक्षावाल्याला सांगत, चहावाल्याला सांगत. दुसरं काही मिरवण्यासारखं त्यांच्याजवळ नव्हतं असं नाही. मुकुंदवाडीत दोन खोल्यांचं स्वतःचं घर होतं, आणि त्यातल्या पुस्तकांच्या कपाटाला त्यांच्या वडिलांनी केलेली सागवानी दारं होती. पण सांगत ते हेच. आणि खरं सांगायचं तर मीही ते सांगू लागले होते. कॉलेजच्या मैत्रिणी आपल्या ऑफिसातल्या बड्या साहेबांविषयी बोलत, तेव्हा मी मध्येच म्हणे, "आमच्याकडे एक साळवे काका आहेत."

तर त्या दिवशी वेरूळच्या एका नव्या हॉटेलचे फोटो काढायचे होते. पोचल्याबरोबर हॉटेलचे मालक म्हणाले, "चला, सुरू करा." काकांनी बॅग टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले.

"सबूर. सामान दचकलेलं असतंय प्रवासानं. दम खाऊ द्या."

"कुणाला?"

"सामानाला."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. पंधरा मिनिटांनी बॅग उघडली. यात वेडेपणा वाटतो तेवढा नाही. एसीच्या गारव्यातून दमट हवेत आल्याआल्या बॅग उघडली की घाई करणाऱ्यांच्या लेन्सवर वाफ धरते. आमच्या कधीच धरत नाही.

दुपारी बाहेरून इमारतीचे फोटो घेताना पावसाची एक सर आली. मोठ्या लेन्सवर थेंब उडाले. मी ते फडक्यानं टिपले. तेवढ्यात काकांना फोन आला. परभणीला त्यांची बहीण पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही घाईनं सामान भरलं. म्हणजे काका फोनवर होते, भरलं मी.

शहरात परतल्यावर त्यांना तसंच रेल्वे स्टेशन गाठायचं होतं. बसस्थानकावर त्यांनी बॅगेचा पट्टा आपल्या गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. स्टुडिओत कुणाच्याही गळ्यात तो पट्टा कधी गेला नव्हता, मालक शिंदे सरांच्यासुद्धा नाही.

"रिक्षात खाली ठिवू नको. चौकातल्या गतिरोधकाला उठून उभी राहा. कपाट बंद, चावी ड्रॉवरात. येतो मी."

मी उठून उभी राहिले. माझं डोकं रिक्षाच्या टपाला आपटलं. सामानाला काही झालं नाही.

काका तीन आठवड्यांनी आले. तोवर स्टुडिओतली किरकोळ कामं आम्ही छोट्या बॅगेवर भागवली. काकांची बॅग काकांशिवाय कुणी उघडायची नाही, हा नियम मी इतक्या निष्ठेनं पाळला की रोज कपाटावरची धूळ पुसली, कपाट उघडलं नाही.

ते आले त्या सकाळी शिंदे सरांना मोठी लेन्स हवी होती. काकांनी बॅग काढली, गळ्यात घातली, टेबलापर्यंत आणली. सरांनी लेन्स उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"साळवे, हे काय?"

आत एका कडेला पांढरं, बारीक, पसरत गेलेलं जाळं होतं.

काकांनी लेन्स घेतली, पाहिली आणि हळूच पंच्यावर ठेवली. मग बॅगेच्या त्याच कप्प्यात हात घातला. आतून फडकं निघालं. वाळून कडक झालेलं, करड्या ठिपक्यांचं. वेरूळच्या पावसातलं. मी ते ओलंच लेन्सशेजारी कोंबलं होतं.

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. अगदी थोडा वेळ. मग फडक्याची घडी घालून आपल्या खिशात ठेवली.

"माझंच हाय ते," ते सरांना म्हणाले. "निघायच्या घाईत ओलं राहिलं. बहिणीचं डोक्यात होतं. वय झालं आता."

"इतकी वर्षं तुमचं एकच वाक्य ऐकतोय मी, साळवे."

"व्हय. आता नाय म्हणणार."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की बूटवाल्याकडे पुड्या मागतानाही त्यांचा आवाज याहून अधिक अजिजीचा असे.

सर चिडखोर नाहीत. पण लेन्स महाग होती आणि दुसऱ्या दिवशी काम होतं. "उद्यापासून बाहेरचं सामान दुसरं कुणीतरी बघेल," ते म्हणाले. "तुम्ही काउंटरवर बसा. पासपोर्टचे फोटो कापा. उन्हातान्हाची दगदग तरी वाचेल."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी मान वाकवून गळ्यातला पट्टा काढायला घेतला. तो शर्टाच्या कॉलरमध्ये अडकला. काढायची त्यांना सवय होती, पण ती संध्याकाळी सहाची. सकाळी तो पट्टा ते कधी काढत नसत. ते कॉलरशी झटत राहिले. सर दुसरीकडे पाहू लागले. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि एरवी मला तेच बरं वाटतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. काकांनी कळू दिलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी खुर्चीवरून उठले. दोघांनी वळून पाहिलं. काकांनी भुवया उंचावून मला बस म्हणून खुणावलं.

"सर," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला, "काका खोटं बोलतायत. हे त्यांच्या हातून होणंच शक्य नाही. ओलं फडकं मी ठेवलंय."