तारेतील धातू आणि ग्राहकांचे फेरे

प्राचार्य आबासाहेबांनी खोली नंबर सातची किल्ली टेबलावर ठेवली आणि तिच्यावर आपला रुंद तळहात ठेवला.

"मॅडम, शनिवारच्या तुमच्या व्याख्यानाला पन्नास माणसं आली, तर ही किल्ली तुमची. एकोणपन्नास आली तर खोली जिमखान्याला. क्रिकेटचं मॅटिंग व्हरांड्यात पडलंय, उंदरं खातायत."

"पन्नास सहज येतील सर," माधुरी साळवे म्हणाल्या. त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं.

"आणि बाहेरची माणसं हवीत. विद्यार्थी मोजायचे नाहीत. ते सावलीसाठी कुठंही बसतात. प्राध्यापकही नाहीत. ते माझ्या धाकानं येतात."

माधुरी मॅडम राहुरीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. मूळच्या जामखेडच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी खोली नंबर सातमध्ये आठ मुलं जमवून खगोल मंडळ काढलं होतं. भिंतीवर हातानं काढलेले नकाशे होते, कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या नळीची एक दुर्बीण होती आणि त्या दुर्बिणीतून चंद्र निदान चंद्रासारखा दिसत होता. एवढ्या सुखावर माणूस आयुष्य काढू शकतो, असं मॅडमचं मत होतं. खोली गेली असती तर त्यांना खरंच रडू आलं असतं, आणि हे त्यांनी शिपाई बन्सीला सांगितलंही होतं.

"रडू नगा म्याडम," बन्सी म्हणाला, "फळा लिहू. यष्टी स्टँडावर फळा लागला की म्हशीसुदिक वाचत्यात."

विषय मॅडमनी अगदी ताजा निवडला होता. साल होतं अठ्ठ्याण्णव. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडायला लागून तीनच वर्षं झाली होती, आणि त्यातले काही आपल्या ताऱ्याला इतके चिकटून होते, की चार दिवसांत फेरा पुरा करायचे. त्यांचे ते तारे धातूंनी जरा जास्तच भरलेले निघत होते. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का, यावर जगभर खल चालला होता. मॅडमनी चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं : "ताऱ्यातील धातू आणि ग्रहांचे फेरे". बन्सीनं ती चिठ्ठी पेंटर गोरक्षनाथला नेऊन दिली.

गोरक्षनाथ पेंटर तसा सज्जन माणूस. त्याचा एकच दोष होता : तो वाचून लिहायचा. साधे पेंटर समोरचं अक्षर बघून उतरवतात. हा आधी अर्थ लावायचा, मग चुका दुरुस्त करायचा आणि दुरुस्तीचे वेगळे पैसे घ्यायचा नाही. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली.

"बन्सी, मॅडमचं लक्ष नव्हतं लिव्हताना," तो म्हणाला. "ताऱ्यात कुठला आलाय धातू? धातू असतो तारेत."

"व्हय की."

"आन् ह्ये ग्रहांचे फेरे काय? ग्रहांची दशा असती. फेरे मारतं ते गिऱ्हाईक. मदला 'क' आन् एक काना गाळलाय बघ."

"शिकलेली मानसं घाईत असत्यात," बन्सीनं समजून घेतलं.

संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडसमोरच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात झळकलं : "जाहीर व्याख्यान. तारेतील धातू आणि ग्राहकांचे फेरे. प्रा. माधुरी साळवे, भौतिकशास्त्र. शनिवार, दुपारी ४. कॉलेजचे सभागृह." खाली गोरक्षनाथनं पदरचं एक वाक्य घातलं : "ज्यांनी सोसले त्यांनी जरूर यावे." जागा उरली होती, आणि त्याचीही मोटार त्या वर्षी दोनदा जळली होती.

तो मार्च होता. विहिरीवरच्या मोटारी त्या महिन्यात जळायच्याच. जळलेली मोटार खांद्यावर घ्यायची, गावात आणायची, ती भरून घ्यायची, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून घ्यायची, आणि आठ दिवसांनी तीच मोटार पुन्हा खांद्यावर घ्यायची. तारेत तांबं किती आणि काय काय, याची चर्चा चहाच्या प्रत्येक टपरीवर चालायची. त्या चर्चेला आता कॉलेजची प्राध्यापक मिळाली होती.

शनिवारी साडेतीनला बन्सी धावत आला. "म्याडम, जयभीम. चला लौकर. सभागृह भरलं!"

"किती आहेत? पन्नास?"

"पन्नास? भाईर टेंपोच दोन हायत!"

मॅडम फळ्याच्या रस्त्यानं कधी येत-जात नसत. त्यांनी सभागृहात पाऊल टाकलं आणि त्यांना गहिवरून आलं. पत्र्याखाली दोनशे माणसं बसली होती. धोतरं, पायजमे, टोप्या, मागं बायका. खगोलशास्त्राची एवढी भूक राहुरीत होती आणि आपण दोन वर्षं आठ पोरांवर समाधान मानलं, याची त्यांना लाज वाटली. व्यासपीठाच्या पायथ्याशी पाच-सहा काळ्या पडलेल्या मोटारी ओळीनं ठेवल्या होत्या. त्या जिमखान्याच्या असाव्यात, असं त्यांनी धरलं.

आबासाहेब पहिल्या रांगेत बसले. माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला होता.

"मित्रहो," मॅडमनी सुरुवात केली, "आजचा प्रश्न साधा आहे. धातूचं प्रमाण आणि फेऱ्याचा काळ, यांचा काही संबंध आहे का?"

"हाय!" सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं.

असा श्रोता मॅडमना जन्मात मिळाला नव्हता. त्या खुलल्या. "काही ठिकाणी तर चार दिवसांत एक फेरा होतो!"

"माझा दोन दिसांत झालाय," एकजण उठून म्हणाला. "मंगळवारी नेली, गुरुवारी परत."

मॅडमना हे नीट कळलं नाही, पण लोक उदाहरणं देतात म्हणजे विषय पोचतोय, असं समजून त्या पुढं गेल्या. "आता धातू म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपण लोखंड, तांबं यांना धातू म्हणतो. पण या शास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्यालाच धातू म्हणतात. ऑक्सिजनलासुद्धा."

टोप्या एकमेकींकडं वळल्या. मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. डोईवरचा पदर नीट करत तिनं विचारलं, "म्हंजे हवेला?"

"हो. हवेतल्या ऑक्सिजनलाही."

"ऐकलं का रं!" बाई मागं वळून ओरडली. या झुंबरबाई. तीन एकर ऊस एकटीनं बघायच्या, आणि त्यांच्यापुढं ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा कारखान्याचा चिटबॉयसुद्धा दबून असायचा. "हवा भरत्यात तारंत, आन् धातू म्हनून खपवत्यात! बाई लेकरू हाय पर खरं बोललं!"

टाळ्या पडल्या. कुणीतरी घोषणा दिली. आबासाहेब अर्धवट उठले, बसले. आणि नेमक्या त्याच वेळी दारातून आसाराम वायंडर आत शिरला.

गावातल्या निम्म्या मोटारी आसाराम भरायचा. कॉलेजसमोरच त्याचं दुकान. दोनशे माणसं आपल्या दुकानाकडं बोट दाखवत आत जाताना त्यानं पाहिली होती, आणि मग स्टँडवर जाऊन फळा वाचून आला होता.

"म्याडम, मी तुमचं काय घोडं मारलंय?" त्यानं दारातूनच विचारलं. "दोन लेकरं हायत मला. तुमच्या प्रयोगशाळेतला पंखा म्या फुकट भरून दिला. आन् तुमी माझ्यावर जाहीर सभा लावता?"

"तुमच्यावर?" मॅडम गोंधळल्या. "अहो, मी ताऱ्यांबद्दल बोलतेय."

"मीबी तारंबद्दलच बोलतोय!"

"आकाशातल्या ताऱ्यांबद्दल!"

"मंग फळ्यावर काय लिव्हलंय? तारेतील धातू आन् ग्राहकांचे फेरे!"

मॅडमनी बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं पत्र्याकडं पाहिलं. मग मॅडमनी दोनशे माणसांकडं पाहिलं, त्या मोटारींकडं पाहिलं, आणि त्यांना सगळं एकदम कळलं. सभागृहातही ते हळूहळू पसरलं. "आबाळातल्या?" "मंग मोटारीचं काय?" "मर्दा, मी बाभुळगावावरनं आलोय!"

आबासाहेब उठले. आता त्यांच्या चेहऱ्यावर तेज होतं. "ही माणसं मोजता यायची नाहीत मॅडम. ही गैरसमजातून आलेली आहेत. खोलीचं आपण नंतर बोलू. सभा संपली."

 मॅडम कागद गोळा करायला लागल्या.

"संपली कशी?" झुंबरबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "लाइट सहाला येनार. तवर घरी जाऊन काय माशा मारू? सांग बाई तू. तुझ्या ताऱ्यातबी धातू कमी निगतो का?"

"नाही मावशी," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "उलट, जास्त निघतो."

"बघा! तितं तरी माल चोख हाय," कुणीतरी म्हणालं, आणि उठण्यासाठी जमिनीला टेकवलेले हात पुन्हा मांडीवर आले. लोक बसले. आसारामही भिंतीला टेकून बसला. आपलं नाव पुन्हा निघालं तर ऐकायला कुणीतरी हवं, असा त्याचा हिशोब होता.

मग मॅडम बोलल्या. कागद बाजूला ठेवून बोलल्या. सूर्यासारखे तारे, त्यांच्या उजेडाचे रंग फोडून आत लोखंड किती ते कसं ओळखतात, गुरूएवढा दांडगा ग्रह ताऱ्याच्या उरावर बसून चार दिवसांत फेरा कसा मारतो आणि तापून लाल कसा होतो. आपला गुरू एका फेऱ्याला बारा वर्षं घेतो हे ऐकून लोक हळहळले. जवळून फिरणारं लवकर तापतं, ही गोष्ट तर त्यांना सांगावीच लागली नाही. बाहेर उन्हं उतरली आणि आत कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

मॅडम थांबल्या, तेव्हा पहिल्या रांगेत एक हात वर झाला. तो आबासाहेबांचा होता.

"मॅडम, एक शंका. ताऱ्यात धातू मुळातच जास्त होता म्हणून असे ग्रह झाले, की ताऱ्यानं जवळ आलेले दोन-चार ग्रह गिळले, म्हणून धातू वाढला?"

मॅडम व्यासपीठाच्या कडेशी आल्या. "सर, अगदी याच प्रश्नावर सध्या जगातले शास्त्रज्ञ भांडतायत."

"पण उत्तर काय?"

"अजून कुणालाच माहीत नाही."

"कुनालाच न्हाई?" भिंतीजवळून आसाराम ताडकन उठला. "येवढ्या मोठाल्या दुर्बिनी लावून त्यांना दोष धातूचा का फेऱ्याचा ते ठरवता येईना, आन् माझी तार खराब ह्ये तुमी च्या पिता पिता ठरवता व्हय?"

सभागृह पत्रा हलेल इतकं हसलं. झुंबरबाई डोळ्यांना पदर लावून हसल्या. आबासाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी बन्सीला फर्मावलं, "मोज रे. आता बसलेली सगळी ताऱ्यांसाठी बसलीत. धर सगळे."

बन्सीनं बोट उचललं, आणि तेवढ्यात सभागृहाचे पंखे गरगरले.

"लाइट आली!"

पुढचं सगळं मिनिटाभरात झालं. ज्याला त्याला आपली विहीर आठवली. चपला एकमेकांच्या पायात गेल्या, टेंपो सुरू झाले, सायकली पडल्या, उचलल्या गेल्या. "येतो म्याडम!" "लई ब्येस!" असं ओरडत माणसं दारातून फुटली. धूळ खाली बसली तेव्हा सभागृहाच्या मधोमध थोडी माणसं निवांत मांडी घालून बसलेली उरली होती.

मॅडमचा चेहरा पडला. बन्सी एकेका डोक्यावर बोट ठेवत निघाला. आबासाहेब त्याच्या मागून ओठ हलवत चालले. झुंबरबाईंवर बन्सीचं बोट थांबलं.

"एकावन्न," तो म्हणाला.

आबासाहेबांनी स्वतः पुन्हा मोजलं. एकावन्नच. त्यांनी खिशातून किल्ली काढून मॅडमच्या हातात दिली, आणि मग त्यांना राहवेना. "काय हो, लाइट आली, सगळे पळाले. तुम्ही कसे बसलात?"

"पळून काय करू?" झुंबरबाई म्हणाल्या. "मोटार जळलीय माझी."

"माझीबी," शेजारचा म्हणाला. मागच्यांनीही माना डोलावल्या.

आसाराम भिंत सोडून पुढं आला. त्यानं सगळ्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, एकेक चेहरा ओळखला, आणि त्याची छाती हळूहळू फुगली.

"बघा म्याडम," तो म्हणाला, "ह्या समद्यांच्या मोटारी म्याच भरल्यात. एकबी उठलं न्हाई!"