लिंबू पुढं गेला

हेडाऊ सरांच्या शर्टाच्या खिशात, पेनाच्या शेजारी, एक लिंबू असायचं. ते सरकारी कामाचं होतं. शाळेत आले की सर आधी चपला काढायचे, रॅम्पच्या वरच्या टोकाला जायचे, लिंबू खाली सोडायचे आणि त्याच्या बाजूनं चालायला लागायचे. सर आणि लिंबू बरोबरीनं खाली पोचले तर उतार पास. लिंबू आधी पोचलं की सर वाकून ते उचलायचे, धोतराला पुसावं तसं पँटला पुसायचे आणि घरात काही अशुभ घडल्यासारखं म्हणायचे, "मॅडम, लिंबू पुढं गेला." मग आमचे दोन दिवस रॅम्पवर सिमेंट थापण्यात जायचे.

हेडाऊ सर आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे सहा जिल्हा परिषद शाळांवर नजर ठेवणारे साहेब. त्या सहांतल्या सगळ्यात लहान शाळेची मी मुख्याध्यापिका. मोहाडीपासून बरंच आत, तलावाच्या मागं, एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे, तिथं आमच्या दोन खोल्या. पोरं चौदा. शिक्षक मी आणि लांजेवार सर, आणि खिचडी शिजवायला सायत्राबाई. मी तशी तापट आहे, हे गावात कुणालाही विचारा. सरांइतकं मला कुणीच तापवलं नाही.

शाळेला किमान निकष लागतात, दहा. वर्गखोली, पाणी, रॅम्प, पोरापोरींचे वेगळे संडास, कुंपण, मैदान, असे. छापील पत्रक असतं आणि प्रत्येकापुढं 'होय' किंवा 'नाही' लिहायचं असतं. दुसरे साहेब खुर्चीत बसून, पोहे खात, दहा वेळा होय लिहून मोकळे व्हायचे. हेडाऊ सरांचं तसं नव्हतं. त्यांचं एकच पालुपद, "डोळ्यानं दिसला तं होय, नाही तं नाही."

त्यांच्याकडं एक कापडी टेप होता. जिल्हा फुटून भंडारा-गोंदिया वेगळे झाले तेव्हा ऑफिसच्या सामानाचीही वाटणी झाली, आणि हा टेप आपल्या वाट्याला आला, असं ते सांगायचे. "गोंदियाले टाइपरायटर गेला, मॅडम. आपल्याले टेप राहिला." त्या वाटणीत आपलाच फायदा झाला, यावर त्यांचा ठाम विश्वास होता.

त्या टेपानं ते काय काय मोजायचे ते विचारू नका. लांजेवार सरांच्या पोरीच्या लग्नात त्यांनी मांडवाचं दार मोजलं. पंगतीपासून पाण्याचा ड्रम किती लांब आहे तेही मोजलं आणि नवरदेवाच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, "पिन्याच्या पान्याची सोय दूर हाये, बघा." तो बिचारा व्याही दिवसभर सगळ्यांना विचारत होता, हे कोण पाव्हणे.

एकदा तर पोरींच्या संडासाची कडी तपासायला स्वतः आत गेले. पहिलीतल्या पोरीचा हात पोचतो का हे बघायचं म्हणून गुडघ्यांवर बसले आणि आतून कडी लावली. कडी नवी होती, ती बसली ती बसलीच. मी बाहेरून दार ओढतेय, सायत्राबाई झारा घालून फट वाढवतेय, पोरं रांगेनं उभी राहून बघताहेत, आणि आतून सरांचा शांत आवाज, "कडी मजबूत हाये, मॅडम. होय लिवा." अर्ध्या तासानं बाहेर आले ते आधी कडीकडं वळून बघितलं, कौतुकानं.

आता आमचं पाप सांगते. दहातला एक निकष शैक्षणिक साहित्याचा, आणि त्यात पृथ्वीचा गोल लागायचा. आम्ही दरवर्षी मागणी पाठवायचो, गोल काही यायचा नाही. सहा शाळांत मिळून गोल एकच होता. एका शिक्षक संमेलनानंतर केंद्रशाळेच्या कपाटावर सापडलेला, कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. तोच तपासणीच्या दिवशी फिरायचा. सर त्यांच्या लुनावर रोडनं यायचे, आणि गोल लांजेवार सरांच्या मोटरसायकलवर तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, आडवाटेनं. सर फाट्यावरच्या टपरीवर चहाला थांबायचे आणि एक कप चहा अर्धा तास फुंकत बसायचे. तेवढ्यात गोल पुढच्या शाळेच्या कपाटात. सर यायचे, गोल बघायचे, रुमालानं पुसायचे, एकदा हळूच फिरवायचे आणि होय लिहायचे. इतका बारकाईचा माणूस सहा शाळांत तोच पोचा पडलेला गोल बघतो आणि याला कळत नाही, म्हणून आम्ही पाठीमागं पोट धरून हसायचो. मी सगळ्यांत जास्त हसायची, खोटं कशाला बोलू.

मग एका वर्षी हसणं बंद झालं. वरून कागद आला. ज्या शाळेचा पट कमी आणि निकषांत एक जरी 'नाही' असेल, ती शाळा बंद करून पोरं शेजारच्या शाळेत पाठवायची. शेजारची शाळा म्हणजे नाल्यापलीकडं, मधे जंगल. पोरं एक वेळ गेली असती. पोरींना कुणी पाठवलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. चौदातल्या नऊ पोरी.

त्या तपासणीला आम्ही जीव ओतला. रॅम्प नव्यानं घासला. लिंबू आणि सर अगदी जोडीनं खाली आले. पाणी होय, कुंपण होय, कडी होय. नऊ होय झाले. दहाव्याला सर म्हणाले, "गोल?"

गोल आला नव्हता. आदल्या दिवशीच्या पावसानं तलावाची पार चिकट झाली होती आणि लांजेवार सरांचा पत्ता नव्हता. माझी पाचावर धारण बसली. "कपाटाची चावी सायत्राबाईकडे आहे, सर. ती येतेच आहे."

सायत्राबाई समोरच तांदूळ निवडत बसली होती.

"बरं," सर म्हणाले. "तवरोक मी मैदान मोजून घेतो."

मैदान मोजून झालेलं होतं. त्यांनी पुन्हा मोजलं. मग आडवं मोजलं. मग कडुलिंबाची सावली मोजली. चौदाही पोरांची उंची मोजली आणि प्रत्येकाला ती सांगितली. मग रॅम्पवर लिंबू सोडलं, एकदा, दोनदा, सात वेळा. पोरं टाळ्या पिटत होती, आणि मी मनात म्हणत होते, या माणसाला वेड लागलंय, लागू दे, अजून थोडा वेळ लागू दे.

शेवटी स्वयंपाकखोलीच्या मागून लांजेवार सर डोकावले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. गाडी घसरून ते गोलासकट धानाच्या बांधीत पडले होते. सायत्राबाई उठली, आत गेली आणि खिचडीच्या गंजावर झाकण ठेवून तो गंजच माझ्यासमोर आणून ठेवला. "चावी सापडली, बाई," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नसावं.

मी रिकाम्या गंजातून गोल बाहेर काढला. आफ्रिकेपर्यंत चिखल. सरांनी रुमाल काढून तो पुसायला घेतला, आणि तळाला चिकटवलेला ओला पुठ्ठा गळून माझ्या पायाशी पडला. पुठ्ठ्याखाली रंगानं नाव लिहिलेलं होतं, 'जि. प. प्राथ. शाळा, बोडीटोली'. ते अक्षर मी दरवर्षी पत्रकावर बघत होते. हेडाऊ सरांचंच.

"सर, हा गोल..." मी पुठ्ठा उचलला.

"हौ, माया हातचाच हाये थो." ते पुसतच होते. "बोडीटोलीले मी हेडमास्तर होतो, मॅडम. सतरा पोरं होती. तपासणीचा पत्रक मीच भरलो. गोल नोता. डोळ्यानं दिसला नाही, म्हनून नाही लिवलो. एकच नाही. शाळा बंद झाली."

सरांनी रुमाल पिळला आणि पुन्हा पुसायला घेतलं.

"दोन महिन्यानं गोल आला. बोडीटोलीच्याच नावानं, पॅक होऊन. घेवाले शाळाच नोती. मंग मी त्याच्यावर नाव लिवलो, पुठ्ठ्यानं झाकलो, अन् थो आपल्या केंद्राच्या कपाटावर नेऊन ठेवलो." त्यांनी गोल थोडा फिरवला. "अकरा पोरं दुसऱ्या शाळेत गेली. सहा नाही गेली. ममता, दुर्गा, रोशन, प्रमिला, दुसरी ममता, तुळशीराम." हजेरी घेतात तशी त्यांनी नावं घेतली, आणि प्रत्येक नावानंतर थोडं थांबले.

माझे डोळे भरले होते, आणि मला रडू आलं की रागही येतो. "मग सर, इतकी वर्षं नुसतं होय लिहून टाकायचं होतं ना. कोण बघायला येणार होतं?"

त्यांनी माझ्याकडं खऱ्या आश्चर्यानं बघितलं. "न पाहता कसा लिवू, मॅडम?"

मग पत्रकावर दहावा 'होय' लिहिला, सावकाश, आणि सही केली. गोल स्वतःच्या हातानं परत गंजात ठेवला, वर झाकण ठेवलं आणि लुनाकडं निघाले. चालता चालता थांबून म्हणाले, "लांजेवार गुरुजीले सांगा, पारीवरून नोका जाऊ म्हना. रोडानंच जा. मी फाट्यावर चहा घेऊन राहिलो, आज थो जरा जास्तच गरम राहील."